मस्कतहून आलेलं कार्ड

१२ जून २००५, रविवार

सगळ्यांत आधी आली ती गोदूबाई. भटजींनी पाटसुद्धा मांडला नव्हता. निमित्त काय, तर परवा नेलेल्या डाळीची वाटी परत द्यायची होती. वर्षश्राद्धाच्या घरी वाटी परत करायला कोणी येतं का? पण तिला बघायचे होते आमचे जावई. माझी लेक मालू गेल्यावर तेराव्यापर्यंत राहिले आणि मस्कतला गेले ते आज वर्षाने आले. गोदूबाई चुलीपाशी येऊन बसली आणि सुरू. "वहिनी, जावयांची तब्येत सुधारलीय हो. आणि कॉलर बघितलीत? कशी ताठ आहे. बाईमाणसाचा हात फिरल्याशिवाय कॉलर अशी बसत नाही." मी म्हटलं, मस्कतला परीट असतात, मशीनने कडक करून देतात. ती हं म्हणाली आणि वाटाण्याची आमटी ढवळायला लागली, न सांगता.

मग शेजारची रुबिना आली नारळ घेऊन, मग जावयांची चुलत बहीण, मग सगळेच. पानं बरीच झाली. वडे चांगले फुगले. तळताना माझ्या बोटाला चटका बसला तो मला कळलाच नाही. फोड आल्यावर राहीने दाखवला. राही म्हणजे मालूची एकुलती मुलगी, आता माझ्याकडेच असते. सगळे रडले. मला काही रडू आलं नाही, राहीलाही नाही. ती वाढत होती. खीर वाढ म्हटलं की खीर, पाणी वाढ म्हटलं की पाणी.

आता मुद्द्याचं. जेवणं झाल्यावर जावयांनी राहीला बाहेर पडवीत बोलावलं आणि एक कार्ड दिलं. निळं, चकचकीत, त्यावर तिचं नाव उठून आलेलं, बोटाला लागतं. क्रेडिट कार्ड. त्यांच्या कार्डाला जोडलेलं जोडीचं कार्ड आहे. राहीला अठरा पूर्ण झाली म्हणून. महिन्याला तीन हजारांच्या वर जायचं नाही. पैसे ते तिच्या खात्यात पाठवणार, बिल इथे घरी येणार, तिने चेक भरायचा. मला म्हणाले, "आई, तुम्ही लक्ष ठेवा. तिला नीट वापरायला शिकवा."

मी चौथी झालेली बाई. मला शिकवा म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी कार्ड देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं. राहीने पुसलं, म्हणाली मागची काळी पट्टी खराब होते.

१४ जून

जावई गेले. भाड्याची गाडी पहाटे आली. राही फाटकाशी उभी होती, आत ये म्हटल्यावर आली. आज बांगडे स्वस्त.

२१ जून, मंगळवार

आज शिकवायला बसले. माझ्यापुढे प्रश्न असा की कार्ड मी कधी बघितलेलं नाही. पण क्रेडिट म्हणजे उसनं, एवढं मला समजतं, आणि उसन्यात माझा हात कोण धरील. चाळीस वर्षं आळीत राहिले.

राही भाकरीचं पीठ मळत होती. मी तिला आमच्या आळीची रीत सांगितली. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना वाटी काठोकाठ भरायची नाही. चिमूटभर कमी ठेवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी माहेरच्या शहाणपणाने शीग लावून वाटी परत केली, तर शेजारीण दोन दिवस बोलली नाही. सासूबाई म्हणाल्या, अगो, पुरतं फेडलंस म्हणजे तू तिला सांगितलंस की आता तुझं माझं काही नाही. चिमूट राहिली की ती येते, आपण जातो. ह्या आळीत कोणाचं कोणाकडे पुरतं फिटलेलं नाही, आणि म्हणून आगीला, बाळंतपणाला सगळे धावतात. गोदूबाईची डाळीची वाटीसुद्धा बघ, चिमूट कमीच होती.

राही सहसा काही विचारत नाही. वर्ष झालं, हो आणि बरं एवढंच. आज तिने मळायचं थांबून विचारलं, "आणि चिमूट राहिली असून ती माणसं आली नाहीत तर?"

मी म्हटलं, "येतात. विचारायला तरी येतात."

तिने मान हलवली. मला कळलं की शिकवणं जमलं. कार्डाचं म्हणशील तर, मी पुढे सांगितलं, घ्यावं जरुरीपुरतं, हिशेब ठेवावा, तारीख चुकवू नये. तेही ऐकलं. भाकऱ्या मात्र जाड झाल्या.

९ जुलै, शनिवार

कार्ड पहिल्यांदा चालवलं! मारुती मंदिराजवळच्या दुकानात राहीला छत्री आणि मला चपला. दुकानदार म्हणाला कार्डावर दोन टक्के जास्त लागतील. मी म्हटलं का, कार्डाला काय जेवू घालायचं असतं? राही म्हणाली आजी, राहू दे. पण मी भांडले आणि त्याने एक टक्का घेतला. मग त्याने दुकानाचा फोन काढून ती वायर मशीनला लावली, कार्ड खाचेतून ओढलं, आणि मशीन विचार करायला लागलं. इतका वेळ की मागे माणसं जमली. मग कर्र कर्र करत चिठ्ठी. राहीने सही केली. तिची सही मालूसारखी आहे, शेवटी खाली ओढलेली. मी मागच्या बाईला सांगितलं, माझी नात.

घरी येऊन चपला घालून पडवीत फिरले. डावी थोडी चावते.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

रात्री जेवताना जावयांचा फोन. मालू होती तेव्हा दर शुक्रवारी यायचा, तिथे शुक्रवारची सुट्टी. नंतर महिना महिना नाही. आजचा फोन राहीसाठी होता. बिलाचे सदतीस रुपये राहिले म्हणे, बँकेने त्यांना कळवलं. ते ओरडत असावेत, कारण रिसीव्हरमधून मला ऐकू येत होतं. पण राही भिंतीला टेकून खाली बसली, पाय पसरून, आणि बोलत राहिली. कॉलेजचं, प्रयोगवहीचं, छत्रीचं, मी दुकानदाराशी भांडले त्याचं. मग ओरडणं थांबलं. मग बराच वेळ फक्त हं हं.

फोन ठेवून तिने आणखी एक भाकरी मागितली. पावसाळी हवेत भूक लागतेच.

मी तिला विचारलं सदतीस कसे राहिले, तर म्हणाली चुकून. चुकेल. पहिलंच बिल.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

परत तसंच. ह्या वेळी बावन्न रुपये. परत फोन, परत ओरडा, परत ती भिंतीला टेकून बसली. मला वाटलं गणिताची मुलगी असून हिला बेरीज कशी जमत नाही. पण फोन आला की घर बरं वाटतं. गणपतीच्या दिवसांतही एवढं बरं वाटलं नव्हतं. मी सगळं केलं ह्या वर्षी, मोदक, पातोळे, आरत्या. हात करत होते.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

रमजानचे दिवस, म्हणून संध्याकाळी रुबिनाकडे खजूर आणि केळी घेऊन गेले. तिचा नवरा कतारला बोटीवर, तिच्याकडेही कार्ड. मी मोठ्या दिमाखात सांगायला गेले की राहीला कसं शिकवलं, आमची चिमटीची रीत कशी कार्डाला लागू पडते. रुबिना सरबत ओतायची थांबली.

"काकी, चिमूट शेजारणीसाठी ठीक," ती म्हणाली. "कार्डवाले चिमटीवर सूद लावीत नाय. आख्ख्या वाटीवर लावतात, सामान घेतलं त्या दिवसापासून."

त्यांच्यात सूद म्हणजे व्याज घेणंही नाही आणि देणंही नाही, म्हणून नवरा तारखेच्या आधी पैपैसा भरतो, मगच जेवतो. तिने मला तिचं बिल काढून बोटाने दाखवलं. महिन्याला जवळजवळ तीन टक्के. म्हणजे मी त्या मुलीला उलटं शिकवलं. आळीभर सगळ्यांना सांगितलंही. घरी येताना रस्ता लांब वाटला. डावी चप्पल अजून चावते.

राही पडवीत अभ्यास करत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे आजी. बिलाच्या मागेच छापलेलं असतं."

"मग पुरतं का नाही भरत?"

"पुरतं भरलं की शुक्रवार नुसताच जातो."

मी म्हटलं वार काय, कसाही जातोच. ती हसली नाही. मी तिच्या केसांना तेल लावलं. पुढच्या महिन्यापासून पुरतं भरायचं असं मी ठरवून टाकलं. ती हो म्हणाली.

नोव्हेंबर, तारीख बघितली नाही

दिवाळी झाली. चकल्या मऊ पडल्या. ह्या महिन्याचे साठ रुपये राहिले. मी ओरडले. मग शुक्रवारी मीच फोनजवळ पाट सरकवून ठेवला, तिला खाली बसायला गार लागतं.

२ डिसेंबर, शुक्रवार

आनंदाची बातमी. जावयांचा फोन आला तो मीच घेतला. म्हणाले, आई, आता बिलाची कटकट संपली. दर महिन्याला व्याजापायी शंभर-दीडशे रुपये फुकट जात होते. त्यांनी बँकेला कायमची सूचना दिली. बिल त्यांच्या खात्यातून आपोआप पुरतं भरलं जाईल, तारखेच्या दिवशी. "तिला काही बघायला नको," म्हणाले, "आणि मलाही नको." मागे कोणी बाई विचारत होती, चहा आता की नंतर. टीव्ही असेल. तिथे आपल्या सगळ्या मालिका दिसतात.

मला मोकळं वाटलं. माझं चुकीचं शिकवणं त्यांनी तिकडे बसून दुरुस्त केलं. राही तांदूळ निवडत होती, तिला सांगितलं. "बरं," म्हणाली. ताटातले खडे एका बाजूला, तांदूळ एका बाजूला. मग म्हणाली, बोलायला दे ना मला. तर फोन कधीच ठेवला होता.

८ जानेवारी २००६, रविवार

मी महिन्याभरात लिहिलं नाही, काही घडलं नाही म्हणून. आज घडलं. दुपारी टेम्पो फाटकाशी. दोन माणसांनी खोका उतरवला, एवढा मोठा की फाटकाचा एक दरवाजा काढावा लागला. आत कपडे धुवायचं मशीन! राहीने घेतलं, कार्डावर. साडेअकरा हजार.

मी पाटावर बसलेच. तीन हजारांच्या वर नाही असं बाप सांगून गेलेला. मी म्हटलं अगो, काय केलंस हे, ते किती ओरडतील. ती म्हणाली, "ओरडू देत." आणि मला म्हणाली, तुझे हात थंडीत फुटतात.

माझ्यासाठी! ह्या मुलीने माझ्या हातांकडे बघितलं. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मालू म्हणायची आई, एक मशीन घेऊ, आणि मी म्हणायची हात आहेत तोवर नको.

संध्याकाळपर्यंत अर्धी आळी येऊन गेली. गोदूबाई मशीनसमोर पाट घेऊन बसली आणि काचेतून चादरी फिरताना बघत राहिली, जसं नाटक बघावं. मध्येच पाणी गेलं तेव्हा चिडली. म्हणाली, "वहिनी, आता तुम्ही विहिरीवर येणार नाही म्हणजे बोलायचं कोणाशी?" मी म्हटलं तुझे कपडे घेऊन ये इथेच. मालूच्या दोन साड्या वरच्या फळीवर आहेत. राही म्हणाली त्या मशीनमध्ये घालायच्या नाहीत. मी घालणार नव्हतेच. त्या धुवायच्याच नाहीत.

१३ जानेवारी, शुक्रवार

फोन आला नाही. बिल अजून तयार झालं नसेल. राहीने कॉलेजातून लवकर येऊन अभ्यास फोनपाशीच केला.

२० जानेवारी, शुक्रवार

नाही आला. मी रुबिनाला सांगितलं फोन बिघडलाय का बघ, तिने तिच्याकडून लावून बघितला. वाजतो.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बिल आलं. राहीने उघडून माझ्यापुढे ठेवलं. वर साडेअकरा हजार आणि काही किरकोळ. खाली त्यांच्या खात्यातून भरायची तारीख. म्हणजे ओरडाही नाही आणि काही नाही. मी देवाला साखर ठेवली. किती मोठ्या मनाचा माणूस.

राही लवकर झोपली. मशीन लावलं होतं ते मी बंद करायला विसरले, रिकामंच फिरत होतं.

५ फेब्रुवारी, रविवार

रविवारचा फोन, म्हणून मी दचकले. जावई म्हणाले पुढच्या रविवारी येतो. एकटे नाही. डिसेंबरात त्यांनी लग्न केलं, तिथेच, साधंसं. ऋजुता नाव. तिथल्या शाळेत शिकवते. मला आधी सांगायचं होतं म्हणे, पण फोनवर जमेना.

मी म्हटलं बरं झालं. माणसाने एकटं राहू नये. खरंच म्हटलं. भात लागल्याचा वास येत होता आणि मी फोन धरून उभी. मग सुचेना म्हणून मशीनचं काढलं. राहीने एवढं मोठं मशीन घेतलं, तुम्ही रागावला नाहीत हे तुमचं मोठेपण. ते म्हणाले, "कुठलं मशीन?" मी सांगितलं कपड्यांचं, साडेअकरा हजारांचं. "अच्छा," म्हणाले, "बिल मी बघत नाही आता, कापलं जातं. बरं केलंत, उपयोगाचं आहे."

राही दारात उभी होती. मी रिसीव्हर तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. बाबांना सांग भात लागलाय, म्हणाली.

मग आम्ही दोघींनी पातेलं घासलं. तिला लग्नाचं मी सांगितलं, दुसरं कोण सांगणार. बरं म्हणाली. तिचे हात पाण्यात होते, माझेही. पाणी गार होतं की नाही ते आठवत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

आली मंडळी. ह्या वेळी गोदूबाईच्याही आधी. गोदूबाई आली तेव्हा चहा झाला होता, त्यामुळे तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दारातूनच तिने आधी कॉलर बघितली आणि मग ऋजुताला.

ऋजुता पस्तिशीची असेल. आवाज हळू. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला आणि मालूच्या फोटोलाही केला. मला ते आवडलं. मला सगळंच आवडत होतं, मी सारखी आत-बाहेर करत होते. कोळंबीचं खाटखटलं केलं, सोलकढी केली, त्यांना मशीन चालवून दाखवलं. राहीने वाढलं. ऋजुताला अहो-जाहो केलं, कोळंबी आणखी घ्या म्हणाली. फोनवरचं सोडलं तर तिला मी एवढं बोलताना वर्षात बघितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर जावई पडवीत मला म्हणाले, आई, तुम्ही चांगलं शिकवलंत तिला. डिसेंबरपासून एक तक्रार नाही. मी फुगले. गोदूबाईने ऐकावं म्हणून परत विचारलं, काय म्हणालात?

तेवढ्यात राही आली आणि कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

"हे नको मला, बाबा."

त्यांनी विचारलं का, कमी पडतं का, हजार वाढवून देऊ. तिने मान हलवली. जवळच्या दोन मुलांना ती गणित शिकवणार आहे, वहीपेनाचं भागेल. मग म्हणाली, "मोठं काही लागलं तर मी तुम्हाला फोन करीन. मागीन."

"अगं, कार्ड आहे ना. मागायची गरजच काय?"

"मला मागायचंय."

त्यांनी कार्ड उलटंपालटं केलं, खिशात घातलं, परत काढलं. मला वाटलं रागावतील. चांगली हजारांची सोय मुलगी परत देते, मलाही पटलं नव्हतं. पण ते रागावले नाहीत. डोळे पुसायला चष्मा काढला आणि तसाच हातात धरून बसले. मग म्हणाले, कर फोन. फक्त शुक्रवारी नको, शुक्रवारी आम्ही ऋजुताच्या बहिणीकडे डोंगरातल्या गावी जातो, रेंज नसते.

ऋजुता ओटीवर पानं उचलत होती. ती तिथूनच म्हणाली, "शुक्रवारी कर. एखाद्या शुक्रवारी नाही गेलो तरी चालेल." आणि येऊन राहीच्या कॉलेजच्या वहीच्या मागच्या पानावर नंबर लिहून दिला. दोन नंबर. जावई तिच्याकडे बघत राहिले.

राहीने बरं म्हटलं. नेहमीचंच बरं, पण वही मिटली नाही.

निघताना उशीर झाला. ऋजुताने विचारलं हापूस कधी सुरू होतो, मी सांगितलं आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पहिली पेटी उघडतो. तर म्हणाली तेव्हा येतो, नक्की. जावई म्हणाले रजा बघावी लागेल. ती म्हणाली रजा मी बघते. गाडीत बसताना दोघांनीही परत सांगितलं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात शोधलं. अक्षय्य तृतीया, तीस एप्रिल, रविवार.